मेलेला बोर्ड

माझ्या पिशवीत गेली आठ-नऊ वर्षे एक मेलेला, म्हणजे बंद पडलेला सर्किट बोर्ड असतो. तळहाताएवढा, हिरवा, एका कोपऱ्यात करपलेला. मकरपुऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून वीस रुपयांना घेतला होता. बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या एका दिवाळी अंकासाठी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यातल्या माणसांशी बोलून ते लिहून काढते, आणि हा बोर्ड घेतल्याशिवाय आता कोणाकडे जात नाही. पहिली दोन वर्षे माझ्याकडे प्रश्नांची टाइप केलेली यादी असे: या क्षेत्रात कसे आलात, अडचणी कोणत्या आल्या, देशाचे भवितव्य काय, तरुणांना काय सांगाल. उत्तरेही टाइप केल्यासारखीच येत. सत्काराच्या भाषणात आणि त्या मुलाखतींत मला स्वतःलाच फरक सांगता आला नसता. मग एकदा, निव्वळ कंटाळून, मी यादी मिटली आणि हा बोर्ड समोर ठेवला. समोरच्या गृहस्थांनी आधी चष्मा बदलला, बोर्ड खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरला, करपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, तो नाकाशी नेला आणि विचारले, "हा कुठे लावला होता?" त्यानंतर दीड तास मला काही विचारावे लागले नाही.

मी स्वतः अभियंता नाही. मराठी घेऊन एम. ए. झाले आणि नोकरी मिळाली ती विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात, ग्राहकाला द्यायची मॅन्युअल लिहिण्याची. समजून घ्यायचे गुजरातीत, डोक्यात जुळवायचे मराठीत आणि कागदावर उतरवायचे इंग्रजीत, असे ते काम होते. अभियंता काय सांगतो यापेक्षा तो माझ्या मजकुरात काय घालतो आणि काय खोडतो याकडे बघायची सवय त्या कामाने लावली. 'हे उपकरण ५० अंशांपर्यंत चालते' असे मी लिहिले की एक ज्येष्ठ अभियंते पेन उचलून 'सावलीत' हा शब्द घालत. त्या एका शब्दामागे कुठेतरी भर उन्हात बसवलेले, बंद पडलेले आणि शिव्या खाऊन परत आलेले एखादे पॅनेल असे. ती हकिकत मॅन्युअलमध्ये कधी छापली जात नाही. तिचा फक्त 'सावलीत' होतो.

बडोद्याला इलेक्ट्रॉनिक्सचे शहर कोणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. बंगळूरला १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आली, हैदराबादला १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन (ईसीआयएल). तिथे हा उद्योग संरक्षणाच्या आणि अणुऊर्जेच्या गरजेतून, सरकारी आज्ञेने उभा राहिला. आमच्याकडे तो विजेच्या मागच्या दाराने आला. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, १९४३ मध्ये ज्योती लिमिटेड सुरू झाली, १९७४ मध्ये विजेच्या उपकरणांची चाचणी घेणारी इर्डा ही संस्था स्थापन झाली, आणि यांच्या अवतीभवती पंप, मोटर, ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वस्ती वाढत गेली. ट्रान्सफॉर्मर आला की त्याला राखणारा रिले हवा, मोटर आली की तिचा वेग आवरणारा ड्राइव्ह हवा, वीज विकायची तर ती मोजणारा मीटर हवा. आणि या तिघांच्याही पोटात हळूहळू लोखंड-तांब्याच्या जागी सिलिकॉन शिरले. त्यामुळे इथली चिप थंडगार खोलीत बसलेली नसते. ती शेताच्या बांधावरच्या पत्र्याच्या पेटीत असते, भट्टीशेजारच्या पॅनेलमध्ये असते, आणि एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२-४३ अंश असताना आत किती असेल याचा विचार कोणीतरी आधी करून ठेवावा लागतो.

तो विचार कसा करतात हे मला दांडिया बाजारातल्या एका काकांनी शिकवले. नात्याने ते काका नव्हेत, वडिलांचे मित्र. उभी हयात त्यांनी रिलेमध्ये काढली आणि रिलेच्या तिन्ही पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. पहिली पिढी चकतीची. अ‍ॅल्युमिनियमची पातळ चकती, तिच्या एका बाजूला विद्युतचुंबक, दुसरीकडे तिला आवरणारा कायमचा चुंबक आणि एक केसासारखी स्प्रिंग. लाइनमध्ये प्रवाह जितका जास्त, तितकी चकती वेगाने फिरणार आणि तितक्या लवकर संपर्क जोडून ब्रेकर पाडणार, म्हणजे वीज तोडणार. दुसऱ्या पिढीत चकतीच्या जागी ट्रान्झिस्टरची कार्डे आली, तिसऱ्या पिढीत मायक्रोप्रोसेसर आला. "चकती फिरताना दिसते रे बाबा," काका म्हणाले होते (मला ते लाडाने 'रे बाबा' म्हणतात), "अडकली तर कुठे अडकली तेही दिसतं. एकदा मुंग्यांनी घर केलं होतं, ते फुंकर मारून काढलं. कार्ड मात्र आतल्या आत मरतं, आणि मरताना वरून नवंकोरं दिसतं."

काकांच्या गच्चीवरच्या खोलीत एक लांब टेबल आहे. त्यावर जागा अशी नाहीच: सोल्डरिंगची बंदूक, दोन मीटर, एक जुना ऑसिलोस्कोप, तारांची भेंडोळी, आणि कडेने मांडलेले श्रीखंडाचे रिकामे डबे. डब्यांत मेलेले पार्ट आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर कुठे लावला होता, कधी गेला आणि कशाने गेला हे काकांच्या बारीक अक्षरात. अ‍ॅनालॉग सर्किटचे मोठे अमेरिकन अभियंते जिम विल्यम्स २०११ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे पसाऱ्याने भरलेले टेबल कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयाने प्रदर्शनात मांडले होते. मी काकांना त्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि, "याची बायकोही बोलत असेल," एवढेच म्हणाले.

त्या डब्यांतला एक निळा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा पार्ट), बोटाच्या पेराएवढा, त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि त्याची कथा सांगितली. ते ज्या कंपनीत होते तिने एका गावाच्या पंपघराला कंट्रोलर पुरवला होता. दर वर्षी जानेवारीत, रात्री वीज जाऊन पहाटे परत आली की तो सुरूच होत नसे. नऊ-साडेनऊला पेटीवर ऊन आले की आपोआप चालू होई. गावाने दवाला दोष दिला, कंपनीनेही दिला. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, दाराचे रबर बदलले, कार्ड दोनदा नवे दिले. नवे कार्ड वर्षभर चालायचे आणि पुढच्या थंडीत पुन्हा तेच. तिसऱ्या जानेवारीत काका मुलीचा केस वाळवायचा ड्रायर पिशवीत घालून पहाटेच्या एसटीने गेले. वर्तमानपत्राचा भोंगा केला, ड्रायरच्या तोंडाला लावला आणि थंडगार कार्डावर इंचाइंचाने गरम हवा सोडत गेले. एका ठिकाणी झोत पडताच कार्ड जागे झाले. त्या ठिकाणी हा निळा कपॅसिटर होता.

आता त्यामागचे गणित. अशा कपॅसिटरच्या आत द्रवाने भिजवलेला कागद असतो. उष्णतेने तो द्रव बुडाच्या रबरी बुचातून वर्षानुवर्षे थोडाथोडा उडून जातो. दर दहा अंशांनी तापमान वाढले की आयुष्य निम्मे आणि दहा अंशांनी उतरले की दुप्पट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. या कपॅसिटरवर छापलेले होते ८५ अंश, आणि त्या तापमानाला कंपनीची हमी २००० तासांची. काकांनी मे महिन्यात पेटीच्या वरच्या भागात, जिथे हे कार्ड होते तिथे, तापमापक ठेवला तर दुपारी ६५ अंश भरले. ८५ वरून ६५ म्हणजे दोन पायऱ्या. २००० चे ४०००, ४००० चे ८००० तास. आठ हजार तास म्हणजे ३३३ दिवस. पेटी बारा महिने चोवीस तास ६५ वर नसते, आणि कपॅसिटर स्वतःच्या प्रवाहानेही थोडा तापतो, त्यामुळे हे काही पंचांग नव्हे. पण अंदाज वर्षाच्या आसपासच येऊन थांबत होता. आणि थंडी? द्रव कमी उरलेल्या कपॅसिटरचा आतला रोध गारठ्यात आणखी वाढतो, आणि सुरू होतानाचा पहिला धक्का त्याला पेलत नाही. ऊन आले की तो रोध उतरतो आणि कार्ड चालू होते. "खून झाला वैशाखात," काका म्हणाले, "मढं सापडलं पौषात. आणि सगळे पौषाला धरून बसले होते."

उपाय साधा होता. १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा कपॅसिटर घातला की पायऱ्या दोनऐवजी चार होतात आणि ८००० चे ३२,००० तास होतात, म्हणजे साडेतीन वर्षांहून जास्त. शिवाय गरम हवा पेटीत वर साठते. कार्ड खाली हलवले तर आणखी दहा अंश वाचतात आणि तेच आयुष्य सात वर्षांवर जाते. दोन्ही मिळून खर्च काही रुपयांचा. तो मंजूर करून घ्यायला मात्र काकांना खरेदी विभागाशी आठ महिने पत्रव्यवहार करावा लागला, कारण खरेदीच्या कागदावर दोन्ही कपॅसिटर 'एकाच किमतीचे, एकाच मापाचे' असायला हवे होते आणि उडत जाणाऱ्या द्रवासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

ही कथा ऐकल्यापासून सॅम पित्रोदांबद्दल कोणी बोलू लागले की मला तो निळा कपॅसिटर आठवतो. पित्रोदा आमच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकले आणि १९६४ मध्ये शिकागोला गेले, म्हणून बडोदेकर त्यांच्यावर जरा हक्क सांगतात. १९८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली ती ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये असा वायदा करून, आणि तिने खेड्यांसाठी १२८ लाइनचे टेलिफोन एक्स्चेंज बनवले. त्यांच्याविषयीचे बोलणे बहुधा दिल्लीत कोणी कोणाला काय पटवले याच्याभोवती फिरते. माझ्या मते त्या यंत्राची थोरवी आणखी एका बारक्याशा अटीत आहे: त्याला वातानुकूलित खोली लागता कामा नये. ही अट घातली त्या दिवशी कोणा तरुण मुलांना त्यातल्या एकेका पार्टसाठी काकांनी मांडला तोच हिशेब मांडावा लागला असणार, पेटीत किती, बाहेर किती, किती पायऱ्या. नेतृत्वाने अट घालायची आणि अभियंत्याने तिची किंमत पायऱ्या मोजून चुकवायची, हे जिथे जमले तिथेच आपल्याकडे काहीतरी टिकाऊ झाले आहे.

या गप्पा लिहून काढताना माझे खरे भांडण होते ते भाषेशी. अंकाचे संपादक आग्रही आहेत. कपॅसिटरला संधारित्र म्हणा, रेझिस्टरला रोधक म्हणा, इथपर्यंत मी ऐकत आले. 'ड्राय सोल्डर'चे 'शुष्क डाख' करायला मात्र मी नकार दिला. डाख हा तांबटांचा जुना, सुरेख शब्द आहे आणि तो परत आला तर मला हवाच आहे; पण ड्राय सोल्डरमध्ये ओल-कोरडेपणाचा काही संबंध नसतो. डाख बसलेला दिसतो, पण त्याने धरलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय माझ्या टेबलापलीकडची माणसे कोणत्या मराठीत बोलतात ते मला ऐकू येत असते. कार्ड उडते, फ्यूज जातो, कपॅसिटर फुगतो, रिले ओढतो आणि पडतो, मोटर करंट खाते, प्रोग्राम मारतात, लाइन बसते. नामे परमुलखातली आणि क्रियापदे घरची. कलाभवनात त्रिभुवनदास गज्जर यांनी धंदेशिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला होता. त्या आग्रहाचे बाकी काय झाले ते झाले, पण मकरपुऱ्याच्या शेडमध्ये तो क्रियापदांच्या रूपाने जिवंत आहे. एखादा माणूस 'घटक निकामी झाला' म्हणाला की मी समजते, हा पाठ केलेला मजकूर आहे. 'उडाला' म्हणाला की त्याने तो उडताना पाहिलेला असतो.

असे 'पाहिलेले' बोलणारी दुसरी व्यक्ती म्हणजे एक उत्पादनप्रमुख. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माहेर आमच्याच रावपुऱ्यातले, सासर गुजराती. कारखान्यात सगळे तिला बेन म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ती दुसऱ्यांसाठी बोर्ड भरून देण्याचा कारखाना सांभाळते: जाळीतून सोल्डरची पेस्ट लावायची, यंत्राने पार्ट उचलून ठेवायचे, भट्टीतून काढायचे, तपासायचे. तिने चिमट्याने एक '०४०२' मापाचा रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवला. एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद. तो माझ्या आयुष्यरेषेत जाऊन बसला आणि मला पुन्हा सापडला नाही. मग तिने भिंगाखाली एक फसलेला बोर्ड दाखवला: शेकडो पार्ट आडवे आणि त्यांत एक रेझिस्टर एका टोकावर ताठ उभा. लाइनवरची मुले त्याला 'थडगं' म्हणतात. "हा का उभा राहिला सांगा," ती म्हणाली. मला येईना. मग तिने दाखवले: त्याच्या एका टोकाखालचे तांबे रुंद पट्ट्याला जोडलेले होते, ते भट्टीत उशिरा तापले, दुसरे टोक आधी वितळले आणि वितळलेल्या डाखाने त्या कणाला स्वतःकडे ओढून उभे केले. "ऑपरेटरची काही चूक नाही. चूक नकाशा काढणाऱ्याची आहे, आणि तो दुसऱ्या गावात बसतो. माझं निम्मं काम त्या गावाला फोन करण्याचं."

बेनकडे मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ती २०२४ च्या पुरानंतर. त्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा मगरींच्या व्हिडिओंनी सगळ्यांचे फोन भरले होते. तिच्या गोदामात त्या वेळी गुडघाभर पाणी होते आणि खालच्या फळीवरची चिपची रिळे त्यात होती. पाकिटे सीलबंद होती, चिप वरून कोरड्या होत्या. पण अशा पाकिटात दमटपणा दाखवणारे एक कार्ड असते, त्याचे निळे ठिपके गुलाबी झाले होते. चिपच्या काळ्या आवरणात ओल मुरलेली असेल आणि ती तशीच २५० अंशांच्या भट्टीत गेली, तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि आवरण तडकते. या प्रकाराला जगभर पॉपकॉर्न म्हणतात. ओलावलेल्या चिप १२५ अंशांवर काही तास भाजून पुन्हा वापरता येतात, हे रीतीला धरून आहे. तिने काही भाजल्या, बोर्डावर लावल्या, तपासल्या, आणि सगळ्या पास झाल्या.

"मग वापरल्यास?"

"नाही. पास झाल्या म्हणूनच भीती वाटली. नदीचं पाणी होतं ते, नुसती हवेतली ओल नव्हे. आज पास होतील आणि वर्षाने कोणाच्या तरी मीटरमध्ये उडतील. तोवर माझी बदली झालेली असेल."

रिळे भंगारात गेली आणि मालकांशी तिचा अबोला महिनाभर टिकला. याच बेनने २०२१ च्या टंचाईत, जेव्हा साध्या साध्या कंट्रोलर चिपसाठी वर्षाचा वायदा मिळत होता आणि बाजारात कुठूनकुठून माल येत होता, एका पाकिटातली चिप अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसून पाहिली होती. बोळा काळा झाला आणि नव्या नावाखालून जुने नाव वर आले. तो बोळा तिने जपून ठेवला आहे. काकांचे डबे आणि बेनचा बोळा पाहिल्यावर मला वाटू लागले की हा उद्योग घडवणारी माणसे ओळखायची असतील तर त्यांनी मिळवलेल्या ढालींपेक्षा त्यांनी न टाकलेला कचरा पाहावा.

मोठ्या साहेबांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिचा मोठा भाग सांगण्यासारखा नाही. काचेची केबिन, शेजारी जनसंपर्काचा माणूस, त्याच्या हातात माझ्या प्रश्नांची आधीच छापलेली उत्तरे. साहेबांच्या बोलण्यात 'इकोसिस्टम' हा शब्द अकरा वेळा आला. मी वहीत रेघा ओढत होते. त्यांनी दिलेले आकडे सगळे खरे होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटींची सेमिकंडक्टर योजना मंजूर केली. साणंदला मायक्रॉनचा २७५ कोटी डॉलरचा प्रकल्प. धोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांचा ९१,००० कोटींचा कारखाना, महिन्याला ५०,००० वेफरच्या, म्हणजे ज्यांवर चिप कोरतात त्या सिलिकॉनच्या चकत्यांच्या, क्षमतेचा. मला त्या आकड्यांचा अभिमानही वाटला. तक्रार एवढीच की त्या तासाभरात एकही क्रियापद भूतकाळी नव्हते. शेवटी मी बोर्ड टेबलावर ठेवला. जनसंपर्कवाल्याने मी जणू मेलेला उंदीर ठेवला असे पाहिले, पण साहेबांनी तो उचलला, तिरका धरला आणि गुजरातीत पुटपुटले, "अरे, आ तो गयो." मग जनसंपर्कवाल्याला चहा सांगायला बाहेर पाठवले आणि स्वतःच्या पहिल्या मोठ्या ऑर्डरची हकिकत सांगितली: सगळा माल टेम्पोतून परत आला, पत्नीच्या बांगड्या गहाण पडल्या आणि ते तीन रात्री गोदामात बसून एकेक पेटी उघडत होते. दोष एका अर्ध्या रुपयाच्या कनेक्टरचा निघाला. सांगून झाल्यावर म्हणाले, "हे छापू नका हं बेन, बँकवाले वाचतात." वस्तू कोणती आणि साल कोणते हे गाळून लिहायची परवानगी त्यांनी पुढे फोनवर दिली.

त्या भेटीहून परतताना मला मॉरिस चँग आठवत होते. १९८७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी तैवानमध्ये टीएसएमसी काढली आणि दुसऱ्यांनी आखलेल्या चिप फक्त बनवून देण्याचा धंदा जगात रूढ केला. पण आपल्या दीर्घ आठवणींत ते सुरुवातीची एक अवघड लाइनही सांगतात. १९५८ मध्ये ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये आले तेव्हा त्यांच्याकडे सोपवलेल्या ट्रान्झिस्टरच्या लाइनचे यील्ड, म्हणजे शंभरातले चांगले किती निघाले हा आकडा, जवळजवळ शून्य होता. तापमान आणि दाब बदलत, नोंदी ठेवत त्यांनी तो काही महिन्यांत वीस टक्क्यांच्या वर नेला. म्हणजे तरीही बहुतेक माल कचराच होता, आणि तरीही तो विजय होता. चिपच्या धंद्यात यील्ड हाच नफा, आणि यील्ड म्हणजे काय बिघडले याची प्रामाणिक वही. आमच्याकडे मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत तो कारखाना गेला. त्या आगीबद्दल हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. आगीआधीच्या पाच वर्षांत त्या लाइनवर रोज काय फसत होते आणि ते कसे सुधारले जात होते, हे सांगणारे पान मात्र माझ्या वाचनात आले नाही, आणि मला हे नुकसान इमारतीपेक्षा लहान वाटत नाही.

आता नव्याने जे होते आहे त्यात ही वही उघडी राहील का, ही माझी शंका आहे. आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा साणंदच्या एका चिप-जोडणीच्या कारखान्यात लागला आहे. केसाहून कितीतरी बारीक तारेने चिपचे एकेक टोक बाहेरच्या पायाशी जोडणाऱ्या यंत्रावर तो असतो. गणपतीत घरी आला तेव्हा मी त्याला बोर्ड दाखवला. त्याने तो त्याच पद्धतीने तिरका धरला, वास घेतला, डोळे चमकले, पण मी वही उघडताच म्हणाला, "मावशी, बूट कोणते घालतो ते विचार, जेवायला काय असतं ते विचार. यील्ड नको. सही केली आहे." त्याची काही चूक नाही. कारखान्याचीही, धंद्याच्या रीतीने पाहता, नाही. बेनलाही आता नव्या ग्राहकांच्या तशाच कागदांवर सह्या कराव्या लागतात, आणि काकांची पिढी जी उखाळीपाखाळी चहाच्या टपरीवर करत होती ती आता कायद्याने गुपित ठरली आहे.

वही मिटून मी त्याला काकांकडे घेऊन गेले. आरती झाली, प्रसाद झाला, आणि काकांनी त्याला वर नेऊन ती अ‍ॅल्युमिनियमची चकती दाखवली. मुलाने ती बोटाने फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली, आणि मग खाली बसून कसला तरी आलेख काढू लागला. माझ्याकडे पाहून जरा थांबला. मी उठून काकूंना भांडी आवरू लागायला खाली गेले. जिन्यावरून दोघांचे आवाज येत होते; काका बोलत होते कमी आणि 'पुढे?' असे विचारत होते जास्त. दोन तासांनी वर गेले तेव्हा आलेखाच्या कागदाची घडी मुलाच्या खिशात गेली होती. माझ्या वहीत त्या संध्याकाळची फक्त तारीख आहे.

माझा बोर्ड टेबलावर होता, आणि त्यातला एक फुगलेला कपॅसिटर काढलेला होता. तो कशाने गेला याबद्दल दोघांचे एकमत झालेले दिसत होते. काकांनी त्याला दोरा बांधला, चिठ्ठीवर कारण लिहिले, तारीख घातली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारले, "हा कुठे लावला होता ते अजून कळलं नाही ना तुला?"

मी नाही म्हटले. त्यांनी ती जागा कोरी सोडली आणि चिठ्ठी श्रीखंडाच्या डब्यात टाकली.